नोकीचा फोटो, चादर आणि दाजींचा फ्लॅश

नुर्मेस, १२ डिसेंबर

तीर्थरूप इर्माताईस,

धाकट्या रेइनोचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे मनातल्या मनात). तुर्कूच्या दमट हवेत तुझा खोकला कसा आहे? मध घालून गरम पाणी घेतेस ना? इकडे बर्फ खिडकीला टेकलंय, दुपारी दोनला दिवे लावावे लागतात, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे.

ताई, दाजी गेल्यापासून त्यांच्या कॅमेऱ्याच्या कपाटाला तू कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतंस. आणि माझ्या एका फोनवर त्यांचा फ्लॅश लोकरी मोज्यात गुंडाळून पाठवलास! तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही, म्हणून निदान काय झालं ते सविस्तर सांगतो.

सासूबाई आता सिर्काला, पोटच्या मुलीला, ओळखत नाहीत. जिभेवर एकच नाव उरलंय, नोकीचं. वृद्धाश्रमात कुत्र्यांना मनाई, म्हणून त्यांचा हा कुत्रा आमच्याकडे, आणि दर रविवारी सिर्का त्याचा फोटो घेऊन जाते. पण नोकी म्हणजे काजळी, नावाप्रमाणेच काळा. घरात अंधार, कुत्रा काळा, फोटोत काय दिसणार? मी माझ्या कॅमेऱ्यातला फ्लॅश सरळ त्याच्या तोंडावर मारला. फोटोत काळं भगदाड आणि त्यात दोन हिरवे डोळे! सासूबाई म्हणाल्या, "लांडगा आहे, दार लावा." नोकी तर तासभर सौनाच्या, वाफेच्या न्हाणीतल्या, बाकाखालून बाहेर येईना. सिर्का त्या रविवारी घरी येऊन कोट न काढता बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

मग तू फोनवर दाजींची युक्ती सांगितलीस. फ्लॅशचं डोकं वर वळव, उजेड छतावर आपटून खाली येऊ दे, कुत्रा घाबरणार नाही आणि केस न् केस दिसेल. युक्ती सोळा आणे खरी. नोकीने डोळासुद्धा मिचकावला नाही. पण दाजींच्या तुर्कूतल्या फ्लॅटचं छत पांढरं, आणि माझं छत (तुला ठाऊकच आहे, पाहुण्यांना कॉफीआधी मी ते दाखवतो) पाइनच्या फळ्यांचं, स्वतःच्या हाताने तीनदा वार्निश केलेलं. उजेड वर गेला पांढरा आणि खाली आला मधासारखा. नोकी तांबूस झाला. सासूबाई म्हणाल्या, "हा कोल्हा कुणाचा?" आणि फोटो उलटा ठेवला.

सिर्का म्हणाली, "छताला पांढरा रंग दे." मी म्हणालो, "आधी मला रंग दे." मग कपाटातली एक मोठी पांढरी चादर काढली आणि छताखाली ताणायचं ठरलं. दोन टोकं टाचण्यांनी टोचली. उरलेल्या दोन टोकांसाठी छताला आणखी भोकं पाडायला मन धजेना, म्हणून शेजारच्या ताइस्तोला घडीच्या शिडीवर चढवलं. ताइस्तो आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला, तोल जाणारा माणूस नव्हे. नोकी खाली बसला, मी फ्लॅश वर वळवला, श्वास रोखला, आणि नेमक्या त्याच क्षणी सिर्काने स्वयंपाकघरातून हाक दिली, "कॉफी तयार आहे!"

आता तूच सांग, आपल्याकडे ही हाक ऐकून कोण हातातलं काम धरून ठेवतं? ताइस्तोने दोन्ही टोकं सोडली आणि "आलोच!" म्हणत उतरलासुद्धा. अर्धी चादर नोकीच्या डोक्यावर आली, मी दचकून बटण दाबलं, आणि उरलेल्या टांगत्या चादरीने उजेड अलगद खाली सोडला.

ताई, फोटो बघच. सोबत पाठवतोय. केस न् केस सुटा, डोळ्यांत ओळख, आणि डोक्यावर म्हाताऱ्या बाईच्या रुमालासारखा चादरीचा कोपरा. त्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याची दोन अक्षरं. सासूबाईंनी लग्नाआधी स्वतः भरलेली, त्यांच्या नावाची.

परवाच्या रविवारी त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नोकी, माझी चांगली चादर आहे ती, उतर." आणि मान वर करून म्हणाल्या, "सिर्का, तू त्याला लाडावून ठेवलंयस." सिर्का घरी आली ती गाणं गुणगुणत. ताई, तुझे आणि दाजींचे हे ऋण मी जन्मभर मानीन.

तुझा,
रेइनो

ता. क. पार्सलमध्ये फ्लॅश परत पाठवतोय असं मी फोनवर म्हणालो होतो. पार्सल उघडल्यावर राय धान्याचा पाव निघेल. रागावू नकोस, पुढचं वाच.

ता. क. २ सासूबाईंनी विचारलं, "फोटो कुणी काढला?" सिर्का म्हणाली, "रेइनोने." मी बस चालवायचो म्हणून एकेचाळीस वर्षं त्या मला 'तो बसवाला' म्हणतात, हे तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "आमचा बसवाला? मग त्याचाही आण की एक. आणि चांगला आण, लांडगा दिसायला नको." तेव्हा फ्लॅश आणखी थोडे दिवस ठेवून घेऊ का? छताला उद्या पांढरा रंग देतोय.