उशिरा काढलेल्या माद्या

१२ ऑग., मंगळ.
सकाळी सातला फळमाश्यांच्या बाटल्यांतून मोठ्या माश्या काढून टाकल्या, कोष तेवढे ठेवले. कोषातून निघाल्यावर पहिले आठ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून तीनच्या आत नव्या माद्या वेगळ्या काढायच्या. पण काकांनी वाटूरला मुलगी बघायला नेलं. पोहे, प्रश्न, पुन्हा चहा. परतायला सहा! तरी काढल्या. चिठ्ठीवर लिहिलं, '३ वा.'
प्रयोगशाळेतल्या शोभाताई म्हणाल्या, "सर, लई उशीर झाला. काही तर पोटुशा दिसून राह्यल्या."
"तुम्ही तुमचं काम बघा." असं बोललो मी.

१६ ऑग., शनि.
त्याच माद्या वापरल्या. एक जनुक बंद केलेले नर बिचारे एक पंख थरथरवून गातात, माद्या लाथा झाडतात. एकीचाही होकार नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूष: "या जनुकाशिवाय गाणं माद्यांना पटत नाही, बघा!" मीही मान डोलावली. एकदा नराशी जुळलेली मादी दुसऱ्याला अशीच झिडकारते, हे मीच बी.एस्सी.ला शिकवतो.

२५ ऑग., सोम.
मॅडमनी प्रयोग पुन्हा लावला, ताज्या माद्या घेऊन. नर तेच. निम्म्याहून जास्त जोड्या जमल्या.
"मागच्या माद्या कोणी काढल्या होत्या?"
तोंडातून निघून गेलं, "शोभाताईंनी."
त्या बेसिनपाशी बाटल्या धूत होत्या. ऐकलं असणारच. वळून बघायची हिंमत झाली नाही.

२९ ऑग., शुक्र.
मॅडमनी त्यांना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. रोजंदारीवरचं माणूस, दोन मिनिटांत विषय संपला. दुपारी डबा उघडला, तसाच बंद केला. स्वतःची किळस येते. खरं सांगितलं तर पीएच.डी. जाईल ही भीती लाजेपेक्षा मोठी निघाली, त्याची आणखी लाज.

३१ ऑग., रवि.
जुन्या जालन्यात शोभाताईंचं घर शोधत गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली. ते तर फारच लागलं.
"ताई, चूक माझी होती. नाव तुमचं घेतलं."
"म्हाईत हाय की, सर."
"मग मॅडमना सांगायचं ना!"
"सांगितलं की. त्या म्हणल्या, सर कशाला खोटं बोलतील?"
पाणी प्यायलो नि निघालो.
मॅडम उद्या दहाला येतात. त्याआधी जाऊन दाराशी उभा राहणार. आत्ता तरी नक्की आहे.