खाटकाचं बाहुलीघर

२ मार्च
पोचलो एकदाच्या! मी, धाकटी बहीण आणि माझ्या सामानाच्या पेट्या. वर आमची मोठी खोली, भरपूर उजेड. खाली मालकीणकाकूंच्या नवऱ्याचं बंद पडलेलं मटणाचं दुकान. काकूंनी दिलेलं काम झक्कास आहे. दोन मजली रिकाम्या बाहुलीघरात खाली हुबेहूब तेच दुकान लावायचं आणि वर ही खोली. आजवर फुलांची, केकची चिमुकली दुकानं करून मला वीट आला होता. धाकटी म्हणाली, ताई, तुझ्या रागाला शोभेल असं काम मिळालं एकदाचं. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदा हसली कार्टी, म्हणून नुसती टपली मारली. हिला सांभाळीन, असा आईला शब्द दिलाय.

५ मार्च
खालचं दुकान मोजून काढलं. बारा इंचांचा एक इंच, एवढाच हिशोब. धाकटी टेप धरते आणि मी आकडे ओरडायच्या आत भलतंच काहीतरी बडबडून मला चुकवते. मातीच्या मांड्या, बरगड्या करून तारेच्या आकड्यांना टांगल्या. चरबी मेणाची. इतकी छान जमलीय की माझीच दृष्ट लागायची. बाहुलीघराचं बाहेरचं दार बिजागरीवर बसवायचा कंटाळा आला, सरळ सुपरग्लूने चिकटवून टाकलं. जिनाही भिंतीआड झाकला. पुढची बाजू उघडी असते, बघणारा तेवढंच बघतो. आत डोकं घालायला कोण येतंय?

८ मार्च
काकूंनी स्वतः केलेला नवऱ्याचा बाहुला दिला. डोक्यावर त्याचे खरे केस, हातात सत्तूर. कौतुकाने सांगत होत्या, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हे सत्तूर उगारायचे, आणि एकदा तर हाताखालच्या माणसाचा पंजाच ओंडक्यावर तोडला. शेवटी गल्लीतल्या लोकांनी त्याला त्याच दुकानात ठेचून मारलं. दुकान लागलं की हे येतील, म्हणाल्या, आणि चार दिवस भावाकडे निघून गेल्या. कप्पाळ माझं! पण बाहुला फर्मास आहे. ओंडक्यामागे पक्का चिकटवला, सत्तुराचा हात खाली ठेवून.

१० मार्च
उंचीचा अंदाज यावा म्हणून प्रत्येक कामात मी एक मापाची बाहुली करते. या वेळी धाकटीच केली. ती सतत घालते त्या पिवळ्या स्वेटरची उरलेली लोकर, तिच्याच कंगव्यातले केस. धाकटी म्हणाली, नाक माझं आहे, पण पोट तुझं दिलंयस.
दुपारी हातातून कात्री निसटून चिमुकल्या ओंडक्यावर पडली. तो उभा चिरला. त्याच क्षणी खाली धाडकन आवाज. जाऊन पाहिलं तर खालचा मोठा ओंडकाही उभा चिरलेला. जुनं लाकूड आहे, दुसरं काय.

१२ मार्च
मापाची बाहुली फोटो काढताना सारखी पडत होती. वैतागून ओंडक्यासमोर पाय चिकटवून टाकले, त्यात सुपरग्लूची बाटली संपली.
संध्याकाळी आकड्यांवरच्या मातीतून लाल थेंब पडायला लागले. मी रंग कालच वाळवला होता. बोटाला लावून वास घेतला. रंग नाही.
आणि बाहुल्याचा हात वर आहे. मी वर केलेला नाही. धाकटीही आईची शपथ घेऊन नाही म्हणते.

१३ मार्च, सकाळ
सामान बांधलं. बाहेरचं दार उघडत नाही. फट म्हणून राहिली नाही, भिंतीशी एकजीव झालंय. मी चिकटवलं तसंच.
खिडक्यांना गज. फोनवर नुसती खरखर. छोटं दार सुटलं तर मोठं सुटेल. धाकटीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलंय. ती खाली दार ढकलायला गेलीय, मी इथे छोट्या दारावर —
हाका मारतेय. म्हणते, ताई, पाय उचलत नाहीत —

१३ मार्च, नंतर
सगळी बाटली बाहुलीच्या पायांवर ओतली. ग्लू सुटेना. खाटकाच्या बाहुल्याचा हात खाली आला. चिमुकल्या फरशीवर बाहुलीच्या हाताची बोटं पडली, चार, आणि खालून तिची किंकाळी. त्याला उपटायला गेले तर माझ्या अंगठ्याला हाडापर्यंत चीर. हात पुन्हा वर गेला. आता मान.
मी ब्लेड घेतलं. बाहुलीचे पाय घोट्यापासून कापले.
तो आवाज — देवा, तो आवाज.
बाहुली वरच्या छोट्या खोलीत ठेवली. तेव्हा धाकटी जिन्यावरून कोपरांवर सरपटत आली. दोन्ही चादरी बांधल्या, भिजल्या. पांढरीफटक पडलीय. विचारते, ताई, कुणी कापले गं? मी म्हटलं, त्याने.
खोटं बोलले. बाळा, मी कापले. मी.

ओंडक्यामागे तो नाही. रिमूव्हर ओघळून त्याच्या पायांपर्यंत गेलंय. मीच सोडवला त्याला.

खाली पावलं. जिन्याकडे.
छोट्या जिन्यात बोट घालून त्याला चिरडावं तर मीच भिंत घातलीय. फोडायला वेळ नाही —
वरच्या खोलीचं छोटं दार चिकटवतेय. सुपरग्लू संपला. सुताराचा पांढरा गोंद, वाळायला वेळ लागतो. तोवर बोटाने दाबून धरायचं. एका हाताने धरलंय. आई, तू वाचलंस तर, हिला सोडलं नाही मी —

पावलं थांबली. आमच्या दाराबाहेर.
वाळ ना रे — वाळ —
बोटाखाली छोट्या दारातून काहीतरी टोचलं. माझं रक्त. आमच्या दाराला सत्तुराएवढी चीर पडलीय, उजेड आत —
धाकटी म्हणतेय, ताई, बोट काढू नकोस. नाही काढत गं. नाही का