भिंतीकडची खुर्ची

अहो,

काल सकाळी थोरल्या जाऊबाईंनी तुमच्या फोटोला उदबत्ती ओवाळता ओवाळता माझी तक्रार केली. मला ऐकू जाईल अशीच केली. "भाऊजी, बघा तुमची बायको! कोपरा सोडून सापुताऱ्याला गेली, हॉटेलात जेवून आली!" तुम्ही आपले फोटोत हसताय. जिवंतपणीसुद्धा आमच्या दोघींच्या भांडणात तुम्ही असेच हसत बसायचात.

म्हणून हे पत्र. त्यांची बाजू ऐकलीत, आता माझी ऐका. समोर असतात तर मला अर्ध्यातच थांबवून "बरं बरं, चहा ठेव" म्हणाला असतात. आता ती सोय राहिली नाही, त्यामुळे सगळं ऐकावं लागेल.

हो, गेले होते. एकटी गेले. आपण दरवर्षी पंधरा ऑगस्टला जायचो तशीच, उधन्याहून पहाटेची बस धरून. मिलला हक्काची सुट्टी, वर पाऊसपाणी, आणि सापुताऱ्याच्या बाजाराच्या मागे उतारावरचं ते सुमनबेनचं पत्र्याचं हॉटेल. तुमची एवढीच काय ती चैन!

पण आधी घरातलं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा वैशाख होता. छातीत कळ आली तर म्हणे ॲसिडिटी! "रिक्षा बोलावते" म्हटलं तर "थोडं पडतो, बरं वाटेल." कसलं बरं वाटलं? माझं ऐकायचं नाही, हा तुमचा नेम शेवटपर्यंत पाळलात. याचा राग अजून गेलेला नाही हं माझा.

तुमचं दिवसपाणी झालं आणि आपल्या रीतीप्रमाणे मी कोपऱ्यात बसले. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या आपल्या खोलीत कोपरा तो केवढा! कपाट आणि भिंत यांच्यामधली सतरंजीपुरती जागा. बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, पाणी पिऊन जायच्या. मी भिंतीकडे तोंड करून तिथेच. रीत अशी की माहेरचं माणूस येतं, हाताला धरून उठवतं, बाहेर नेतं, गोडाचा घास भरवतं, तेव्हा बाईचा कोपरा सुटतो. तोवर बाहेर जायचं नाही, कुणाच्या कार्यात पाऊल टाकायचं नाही.

आता माझं माहेर तुम्हाला ठाऊकच आहे. सख्खा भाऊ नाही, आईबाप गेले. शिंदखेड्याचा चुलतभाऊ तेवढा उरलाय. त्याला फोन केला की तो म्हणतो, "येस ना ताई, पेरणी व्हऊ दे." पेरणी झाली, निंदणी आली. मग त्याच्या गुडघ्याला काहीतरी झालं. मी आपली भिंतीकडे बघत बसलेली. त्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा मला आता पाठ झालाय!

आणि इकडे आपल्या दिपालीला सातवा लागला. हो, तुमची दिपा आई होणार! तुम्हाला हे कळायला हवं होतं, आणि तुम्ही नाही आहात. जाऊ दे.

रविवारी पर्वत पाटियाला तिच्या घरी डोहाळजेवण आहे. जाऊबाई म्हणाल्या, "तू कशी येशील? तुझा कोपरा कुठे सुटलाय? ओटी मी भरते, मी काय परकी आहे?" परक्या नाहीत, खरंच आहे. तुम्ही गेलात तेव्हा महिनाभर दोन्ही वेळचं जेवण त्यांनीच शेजारच्या खोलीतून आणून दिलं, ते मी विसरायची नाही. पण दिपाने फोनवर सरळ सांगितलं, "आई, माझी ओटी तू भरायची. तू येणार नसशील तर मला डोहाळजेवणच नको." आणि रडायला लागली. पोटुशी पोर रडतेय आणि मी कपाटाच्या फटीत बसलेय! अहो, तुम्हीच सांगा, कोणती आई बसेल?

त्या रात्रीच ठरवलं. माहेर येत नाही ना? मग मीच माहेरी जाते.

तुम्हाला आठवतंय, सुमनबेनच्या हॉटेलला माहेर तुम्हीच म्हणायचात? आपण निघालो की ती माझ्या पिशवीत काहीतरी कोंबायचीच. कधी बांबूचं लोणचं, कधी नागलीचे पापड. मी नको नको म्हणायची आणि तुम्ही तिच्यासमोर मोठ्याने, "घे व, माहेरनं कोनी नको म्हनस का?" ती पदर तोंडाला लावून हसायची.

तर पंधरा ऑगस्टला सकाळी हिरवी साडी नेसले. तुम्हीच मिलमधून आणली होतीत, किंचित डाग पडलेली, "रंग मी स्वतः लावलाय" असं सांगून. जाऊबाई दारात. "कुठे?" म्हटलं, "सापुताऱ्याला, जेवायला." त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी चपला घालून चालू पडले, मागे वळून नाही पाहिलं. वळले असते तर थांबले असते.

बसमध्ये खिडकी मिळाली. वघईच्या पुढे घाट लागला आणि मला दरवर्षीसारखं मळमळलं. दरवर्षी तुम्ही खिशातून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरायचात. या वेळी लिंबू मीच घेतलं होतं. बघा, शिकले की नाही?

सुट्टीची ही गर्दी! निम्मं सुरत वर आलेलं. छत्र्या, मक्याची कणसं, फोटो काढणारी पोरं. पण उताराच्या खाली सुमनबेनचं हॉटेल तसंच. तीच चार टेबलं, तीच चुलीची ऊब, दारात ओल्या चपलांचा ढीग. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आत नागलीच्या भाकरीचा वास. मला एकदम भूक लागली. वैशाखानंतर पहिल्यांदा. मला स्वतःचीच लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आपलं टेबल रिकामं होतं. आणि तिथे मी काय केलं माहितीये? थेट तुमच्या खुर्चीवर जाऊन बसले. मुद्दाम नाही हो! इतके महिने भिंतीकडे तोंड करून बसायची सवय, पाय आपसूक तिकडेच गेले. बसल्यावर लक्षात आलं.

आणि मग मी समोर पाहिलं.

अहो, तुमच्या खुर्चीवरून काय दिसतं? हात धुवायचं बेसिन! त्याच्या बाजूला खिळ्यांवर टांगलेले ओले रेनकोट, आणि खाली पोतेरं. दरी नाही, ढग नाहीत, काही नाही! खिडकी पार पाठीमागे. आणि तुम्ही दरवर्षी तिथे बसून म्हणायचात, "काय देखावा आहे! वा!" मी म्हणायची, "हो ना, ढग बघा कसे आत येताहेत." तुम्ही मान डोलवायचात. खोटारडे! इतकी वर्षं त्या बेसिनकडे बघून मान डोलवलीत?

दरवर्षी आत शिरलं की तुमचं ठरलेलं, "तू तठे बठ. मी आठे बठस." मला तिकडे खिडकीसमोर बसवायचं, स्वतः इकडे भिंतीसमोर. मला वाटायचं, चूल जवळ म्हणून तुम्हाला ती जागा आवडते. भाकरी गरम मिळते म्हणून! मी एकदा तुम्हाला हावरटही म्हटलं होतं. तुम्ही तेही हसून ऐकून घेतलंत.

सुमनबेन पाणी घेऊन आली. मला एकटीला बघितलं, कपाळ बघितलं, आणि ग्लास ठेवून समोर उभी राहिली. "भाई?" एवढंच म्हणाली. मी मान हलवली. मग काय, आम्ही दोघी रडलो. बाजूच्या टेबलावरचं जोडपं गुपचूप आपली डाळ खात राहिलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "बेन, तुम्ही भाईंच्या जागी का बसल्या? ते तर तुम्हाला इथे बसूच देत नव्हते." मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाली, "मीच एकदा विचारलं होतं, तुम्ही बाहेर कणसं घ्यायला गेल्या होत्या तेव्हा. म्हटलं, भाई, टेबल फिरवून देऊ का, दोघांना दिसेल. तर म्हणाले, राहू दे. फिरवलं तर तिला अर्धंच दिसेल. घरी तिला खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते. एक दिवस पुरतं बघू दे."

अहो! हे मला नाही सांगितलंत? मिलमध्ये दिवसभर रंगाच्या वाफेत उभं राहायचं, वर्षातून एक दिवस डोंगरावर यायचं, आणि तोही दिवस बेसिनसमोर काढायचा? एकदा तरी म्हणायचं ना, "आज तू इकडे बस." मी बसले असते हो! आनंदाने बसले असते!

खूप रडले. मग रडून झाल्यावर ज्या कामाला आले होते ते बोलले. म्हटलं, "सुमन, माझा कोपरा सुटायचा आहे. मला उठवायला माहेरचं कुणी नाही. भाई तुझ्यासमोर या जागेला माझं माहेर म्हणायचे. मला घास दे."

ती घाबरली. हात मागे घेतले. "बेन, मी डांगची. तुमची जात वेगळी, रीत वेगळी. तुमच्या घरचे काय म्हणतील?" मी म्हटलं, "घरच्यांचं मी बघते. तू देणार की नाही ते सांग."

ती आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. बाहेर आली ती नागलीची गरम भाकरी, गूळ आणि तूप घेऊन. मी तोंड उघडलं, तर मलाच ओरडली. "असा नाय! भिंतीकडे तोंड करून घास कोण घेतं? ऊठ आधी."

आणि तिने मला हाताला धरून उठवलं. टेबलाला वळसा घालून पलीकडे नेलं आणि माझ्या खुर्चीवर, खिडकीशी बसवलं. दरी ढगांनी भरली होती. मग तिने गूळतुपात भिजवलेला घास माझ्या तोंडात घातला. तिची बोटं चुलीमुळे गरम होती. माझा कोपरा सुटला, बरं का. अगदी रीतसर सुटला. हाताला धरून उठवलं, बाहेर होते, गोडाचा घास मिळाला. आता जाऊबाईंनी शास्त्र काढून बघावं.

नंतर पोटभर जेवले. उडदाची डाळ, भाकरी, वांग्याचं भरीत. भरताला तुम्ही दरवर्षी नावं ठेवायचात, "आपला खानदेशनी सर नही," आणि दोनदा मागून घ्यायचात. मीही दोनदा घेतलं. निघताना पिशवीत लोणच्याची बरणी आली. मी नको म्हटलं नाही.

घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "घास कोणी दिला?" म्हटलं, "माझ्या बहिणीने." "तुला कुठली बहीण?" "सापुताऱ्याची." तेव्हापासून फुगून बसल्यात, माझ्याशी बोलत नाहीत. फुगू देत. लोणचं मात्र त्यांच्या ताटात आज दिसलं. वाटी मीच ठेवली होती त्यांच्या ओट्यावर.

तुम्ही बाजू कुणाची घेणार ते मला माहीत आहे. कुणाचीच नाही. हसाल. पण हसून झालं की एवढं ऐका.

रविवारी मी पर्वत पाटियाला जाणार. ही हिरवी साडीच नेसून जाणार. दिपाची ओटी मी भरणार, माझ्या या हातांनी, सगळ्यांच्या देखत. कुणी म्हणालं "विधवेने कशी भरायची?" तर मी सांगेन की पोर माझ्या पोटची आहे आणि तांदूळही मीच निवडलेत. जाऊबाई आल्या तर पहिली ओंजळ माझी आणि दुसरी त्यांची. नाही आल्या तर दोन्ही माझ्याच.

आणि पुढच्या पंधरा ऑगस्टला दिपाला, बाळाला आणि जावईबापूंना घेऊन सुमनकडे जाईन. दिपाला बाळासकट खिडकीशी बसवीन. जावईबापू तिच्याशेजारी टेकायला लागले की त्यांना दंडाला धरून तुमच्या खुर्चीकडे नेईन आणि म्हणेन, "तुम्ही आठे बठा." बेसिन दिसलं तरी "काय देखावा आहे!" म्हणायचं, हेही शिकवून ठेवीन.

तुमचीच,
खिडकीशी बसलेली
शोभा