चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या

बोलोन्या, १८ नोव्हेंबर १९९८

प्रिय ओर्नेला,

उभी असशील तर आधी बस. डोक्यावर पदवीधरांचा तमालपत्राच्या पानांचा मुकुट, हाताला पीठ आणि पायात तुझ्या मावशीच्या लग्नातले ते चावणारे बूट, अशा अवतारात तुझी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. मला पदवी मिळाली! आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. एकशेदहापैकी एकशेएक गुण. हो, मला, नेरीनाला, जिला तू लहानपणी गणितं विचारलीस की ती भांडी घासायला पळायची, तिला. गेली पाच वर्षं दर मंगळवारी आणि गुरुवारी मी गुडघ्यांच्या व्यायामाला जाते असं तुला फोनवर सांगत होते ना? कसला व्यायाम नि कसलं काय! वर्गात पहिल्या बाकावर बसत होते. तुझ्या बाबांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून फोन आला की मी त्यांना रस्त्याची खोदाई बघायला बाहेर पिटाळायची. ते मागे हात बांधून तासन् तास मजुरांना सल्ले देत उभे राहायचे. माझ्या पदवीपायी बिचाऱ्या मजुरांनी फार सोसलंय.

आजची गंमत ऐक. समोर सात प्राध्यापक, मागे बाबा, दुकानातली आर्जिया आणि नातवंडं शोभतील अशी माझी वर्गातली पोरं. माझा प्रबंध आपल्या गावातल्या पीठ लाटणाऱ्या बायकांवर. एकानं विचारलं, "पोळी नेमकी किती पातळ हवी? मोजमाप काय?" मी म्हटलं, "पोळी खिडकीत धरायची, आरपार टेकडीवरचं सान लूकाचं देऊळ दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर पुन्हा लाटायची." त्यानं ते चक्क लिहून घेतलं! मग कडेला बसलेले एक मिलानचे गृहस्थ हळूच म्हणाले, "सिन्योरा, एक खाजगी शंका. तोर्तेल्लिनी सायीत घोळवून खाल्ल्या तर चालेल?" ओर्ने, मी परीक्षेला उभी आहे हेच विसरले गं! "साय? कोंबडा तीन तास मंद आचेवर उकळून आम्ही रस्सा करायचा, मांसाचं सारण भरून करंगळीवर एकेक तोर्तेल्लिनी वळायची, आणि तुम्ही वर साय ओतणार? तुमच्या आईला माहीत आहे का हे?" सभागृह खो खो हसलं. बाबांनी डोळे मिटून घेतले, त्यांना वाटलं, गेली पदवी. पण ते गृहस्थच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

मुकुट घालून कमानींखालून घरापर्यंत चालत आले. काढायचा नाही असा पोरांचा हुकूम होता. भाजीवाला, चर्चचा पाद्री, ती नाक मुरडणारी औषधवालीसुद्धा दारात येऊन, पदवीधर बाईला म्हणतात तसं, "दोत्तोरेस्सा, दोत्तोरेस्सा" म्हणत होती. दुकानात शिरले तर आर्जिया आमच्या आधी पोचून लाटणं घेऊन उभी. आपल्या दुकानात तीस वर्षं माझ्या शेजारी पीठ लाटणारी बाई, तिला कौतुक करायला जमतच नाही. म्हणाली, "या दोत्तोरेस्सा, दोन किलो वळायच्यात. विद्येनं पोट भरत नाही." आणि बोलता बोलता माझ्या मुकुटातली चार पानं तोडून भाजायच्या डुकराच्या मांसात टाकली! "हाच पाला बाजारात विकत घ्यावा लागतो," म्हणे. मग आत जाऊन पाच मिनिटं नाक शिंकरत बसली. कांदा चिरत होते म्हणाली. आज कांदा नव्हताच.

तुझं कसं चाललंय? थंडी सुरू झाली का पिसाला? तो हरभऱ्याच्या पिठाचा चेचीना रोज खात जाऊ नकोस, पोट बिघडतं. झुकत्या मनोऱ्यासमोर बसून प्लास्टरचे मनोरे विकणारी माझी मुलगी! अख्ख्या इटलीत तुला तीच जागा सापडली, याचं मला कधी हसू येतं, कधी झोप येत नाही. पदवीआधी मनोरा चढला तर पदवी मिळत नाही, ही समजूत तिकडच्या पोरांतही आहे, असं तूच एकदा सांगितलं होतंस. पण तुमचा मनोरा बंद होऊन आठ-नऊ वर्षं झाली, त्यामुळे ती पोरं सुखरूप. आमचा आसिनेल्ली मनोरा मात्र सताड उघडा.

त्याबद्दलच लिहायचंय. सहा वर्षं आपण दर रविवारी फोनवर हवा, बाबांचं पोट आणि मांजर यांवर बोलतो आणि मनोऱ्याशी आलो की दोघी गप्प होतो. आज मी गप्प बसणार नाही. बेल्जियमहून आल्विसेकाका आले होते, आठवतं? चाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. मरायच्या आधी एकदा वरून गाव बघायचंय म्हणाला. माझे गुडघे दुखत होते, मी तुला म्हटलं, तू जा त्यांच्याबरोबर. तू म्हणालीस, "आई, माझे दोनच पेपर राहिलेत. आत्ता नको. पदवी झाली की दहादा चढेन." आणि मी काय म्हणाले? "एवढा कायदा शिकलीस आणि दगडाला घाबरतेस? पाहुण्याला एकटं पाठवू? लोक काय म्हणतील!" तू गेलीस. उतरलीस तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक होता आणि मी त्यालाही हसले.

त्यानंतर त्या दोनांतल्या एका पेपरात तू तीनदा नापास झालीस. तोंडी परीक्षेत तुझी वाचाच बसायची. नाताळच्या जेवणात, रस्सा वाढताना, तू म्हणालीस, "तूच मला वर पाठवलंस." मी पळी हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना, मनोरा वाकडा." नाताळला पुन्हा आलेले काका हसले, सगळे हसले. तुझी ताटली तशीच राहिली. तोर्तेल्लिनी फुगून फुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पिसाच्या गाडीत होतीस. चुकले गं मी. त्या वाक्याला आज सहा वर्षं होत आली, तरी ते माझ्या जिभेवर तसंच आहे. वर पाठवलं त्याहून ते बोलले, हा माझा मोठा गुन्हा.

आता खरं सांगते. तुझ्या वेळी मला हसणं सोपं होतं, कारण माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. म्हणून पाच वर्षांपूर्वी मी विद्यापीठात नाव घातलं. परीक्षांचे गुण लिहायची कोरी वही हातात पडली आणि तिथल्या कचेरीच्या खिडकीवरून निघाले ती थेट आसिनेल्लीच्या दारात. पायथ्याशी दोन पोरं होती. माझ्या हातातली वही बघून ओरडली, "अहो सिन्योरा, वेड लागलंय का? आधी पदवी घ्या!" चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या, ओर्ने. पाय लटपटत होते. जिन्यात विचारणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, गुडघे. गुडघे कसले, भीती होती. बोलोन्याची बाई मी, माझाही विश्वास होताच त्या मनोऱ्यावर. वर पोचले तर लाल कौलांमध्ये आपल्या गच्चीवर वाळत घातलेली तुझी पिवळी चादर दिसली, आणि मी तिथे उभी राहून मोठ्यानं रडले. पहिल्या दोन परीक्षांत मीही नापास झाले. तुला काय वाटलं असेल ते तेव्हा कळलं. काल दुपारी पुन्हा चढले, मनोऱ्याला शेवटची संधी द्यावी म्हणून. आणि आज एकशेएक! कचेरीत चौकशी केलीय. तू पास केलेले चोवीसच्या चोवीस पेपर अजून धरतात. दोन राहिलेत आणि प्रबंध. तुला नापास करणारा तो प्राध्यापकही निवृत्त झालाय. नाताळला ये. रस्सा मी करीन, सगळ्यांसमोर तुझी माफी मागीन, आणि मगच तुझ्या ताटलीत वाढीन. उरलेला मुकुट कपाटावर ठेवलाय. आर्जियाला आता एक पान तोडू देणार नाही.

तुझीच, दोनदा चढून एकदा पास झालेली,
आई