न पाहिलेली गाठ

१२ ऑक्टोबर, दुपार

दादा,

तुला नमस्कार, वहिनीला त्याहून मोठा, कारण तुझं सगळं ती ऐकून घेते.

कड्यांवर चढणाऱ्यांसाठीचं माझं पुस्तक संपत आलंय. महिनाभर एकटीच हिंडतेय. उत्तरेकडचा ग्रॅनाइट दुपारी इतका उबदार होतो की परवा चढायचं सोडून त्यावर गाल टेकून पडले. खाली सगळं धुकं. डोळा लागला बहुतेक. पलीकडच्या दरीतला वाळूचा दगड तांबूस आहे. त्याचे कण बोटांना चिकटतात आणि रात्री केस विंचरताना उशीवर गळतात. एका दिवसात इकडून तिकडे जाता येतं, झोपेत कूस बदलावी तसं.

प्रकाशक मात्र टक्क जागा आहे. चुनखडीच्या कड्याचं पान कोरं का, असं त्याने तिसऱ्यांदा विचारलं. तिथे फोटोला ऊन नीट मिळत नाही, असं मी सांगितलं. धडधडीत थाप.

काल शेवटी त्या कड्याकडे गेले. तू दाखवलेले शिंपले दगडात अजून तसेच आहेत. त्या दिवशी मी तेच बघत होते, दादा. तू कमरेच्या पट्ट्यात दोर ओवत होतास आणि मी मध्येच विचारलं, "इथे समुद्र कुठवर होता रे?" तू हात उंच करून दाखवलंस आणि गाठ अर्धीच राहिली. मग नेहमीसारखं म्हणालास, "बघितलीस?"

चढणाऱ्याची गाठ दुसऱ्याने हाताने ओढून बघायची, हे तूच मला शिकवलेलं. मी शिंपल्यांवरची नजर न काढता म्हटलं, "बघितली."

नव्हती बघितली.

पंधरा फुटांवर तू दोरावर भार टाकलास आणि दोर सुटून आला.

सहा वर्षं तू सगळ्यांना सांगतोयस, "माझाच वेंधळेपणा." पडून मोडलेला पाय सांधला गेला, तरी स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही म्हणून चढणं सोडलंस. मी शेजारी बसून चहा पिते आणि गप्प राहते. मला माझी लाज वाटते.

रागाव, वर्षभर बोलू नकोस हवं तर. पण त्या हातांना आता दोष देऊ नकोस.

रविवारपर्यंत मी कड्याखालच्या खोलीत आहे. पान अजून कोरंच ठेवलंय. आलास तर गाठ तू मार. मी ती ओढून बघेन, दोन्ही हातांनी, आणि मगच बोलेन.

न बघता "बघितली" म्हणालेली,
तुझी धाकटी