उजवा कौल

आई, गेल्या आठवड्यात मी दिल्लीला जाऊन आले. शुक्रवारी दुपारी गेले आणि रविवारी परत. काम काही नाही, नुसती चैन करायला. बरोबर ऑफिसातल्या त्याच दोघी होत्या, ज्यांच्याबरोबर पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईला गेले होते. विमान आता आपल्या पेडण्यातूनच उडतं. मोपाच्या ज्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, तू काजू गोळा करायला जायचीस, तिथे आता काचेची दारं आपोआप उघडतात. या सहलीसाठी मी गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट घेतला. तो घालून इथे डिचोलीच्या बाजारात गेले असते तर लोकांनी ताप आलाय का म्हणून विचारलं असतं. दिल्लीत मात्र शोभला. हॉटेलात पाऊल रुतेल असा गालिचा, खिडकीबाहेर धुकं, आणि पातळ कपातला चहा इतका हळू ओतायचे की आपणही हळू बोलायला लागतो. शनिवारी चित्रांचं प्रदर्शन पाहिलं, मग एका दुकानात तासभर शाली अंगावर घेऊन आरशापुढे उभ्या राहिलो, आणि संध्याकाळी सतारीच्या मैफलीला पुढच्या रांगेत बसलो. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी काय दिल्ली?" मी म्हटलं, "मस्त." ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी बॅग रिकामी करताना मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच पलंगावर बसले. ती सांगायची तर आधी मुंबईचं सांगायला हवं. मी तुला खोटं सांगितलं होतं, आई. कौलाचं.

तेव्हा मी पणजीला नोकरीला लागून वर्ष झालं होतं, लग्न व्हायचं होतं. आम्ही तिघींनी डिसेंबरातला शनिवार-रविवार ठरवला: समुद्रासमोरचं हॉटेल, एक नाटक, भरपूर खरेदी. एकीची आईपण येणार होती. हे मी तुला सहज बोलून गेले आणि तिथेच फसले. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "माकाय घेवन चल गो. तुझे बाबा गेल्यापासून मी खंयच गेलंय नाय." मी परातीतलं पीठ उगाच सारखं करायला लागले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुला वाटलं, मला प्रवासाची काळजी लागलीय. "आधी देवाक विचारूया," म्हणालीस. आपल्या घरात देवाला विचारल्याशिवाय कुणी लांबच्या वाटेला लागत नसे. सोयरीक असो, विहीर असो, म्हैस घ्यायची असो, गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि आपण हात जोडून बघत राहायचं. उजवी पडली तर देवाचा कौल होय, डावी पडली तर नाही. तुझा गुडघा सुजला होता, म्हणून तू मला एकटीला पाठवलंस. घरासाठी कौल लावायला मी एकटी पहिल्यांदाच गेले.

मला तू यायला नको होतीस. का, ते तुला कधी कळलं नसेल. त्याच वर्षी मी तुला पणजीला ऑफिस दाखवायला नेलं होतं, आठवतं? नंतर त्या दोघींबरोबर आपण एका हॉटेलात केक खायला बसलो, आणि तू उरलेले दोन तुकडे कागदात गुंडाळून पिशवीत टाकलेस. शिवाय वाढणाऱ्याच्या गावाची, आईबापाची चौकशी केलीस, "तू खंयचो रे? आवय-बापूस आसत मरे?" त्या दोघी हसल्या, चांगल्या मनाने हसल्या, हे आज कळतं. परतीच्या बसमध्ये मी तुला फाडफाड बोलले. घरची अब्रू, लोक काय म्हणतील, सगळं. तू एवढंच म्हणालीस, "टाकून दिले असते गो बाय." मग पेडणे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलीस. त्यानंतर समुद्रासमोरच्या हॉटेलाचा विचार आला की तुझी ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. देवळात मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, डावी दे, डावी दे. आणि उजवी पडली. गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच पडली. तो हसून म्हणाला, "बरो कौल दिल्यान. आवशीक सांग, खुशाल जा म्हणान." पाकळ्यांची पुडी घेऊन मी निघाले, वाटेतल्या व्हाळाच्या पाण्यात सोडून दिली, आणि घरी येऊन म्हटलं, "डावी पडली."

मला वाटलं होतं, तू हिरमुसशील, थोडं कुरकुरशील आणि विषय संपेल. तू घाबरलीस. "मग तू पण जाव नको," म्हणालीस, "वाटेर काय तरी आसतला." एका खोट्यावर दुसरं रचावं लागलं. माझ्यासाठी वेगळा कौल लावला होता, तो उजवा मिळाला, असं मी सांगितलं. तुझा जीव भांड्यात पडला. माझ्या बॅगेत तू स्वतः कपडे घडी करून ठेवलेस. मी मुंबईत असताना तू उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं नाहीस. शेजारच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेली नाहीस, जिच्या रुखवतासाठी महिनाभर राबली होतीस. देवाने घर सोडू नको म्हटलंय, असं त्यांना कळवलंस. त्या घराने तो राग कितीतरी दिवस धरला. गुरव तुला दर सोमवारी भेटायचा. तुमचं त्यावर काही बोलणं झालं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या पोटातली गाठ सापडली. इस्पितळातल्या खाटेवर तू बघायला येईल त्याला सांगायचीस, "देवाक सगळा ठावक आसता. तेणा माका मुंबैक जावक दिल्यान नाय. थंय काय झाला असता तर ह्या चेडवान एकट्यान काय केला असता?" आणि माझा हात दाबायचीस. मी मान हलवायचे. तेव्हा खरं सांगणं म्हणजे तुझ्या उशाखालचा देवच काढून घेणं, असं मी स्वतःला समजावलं. ते थोडं खरं होतं. बाकीची भीती होती. पावसाळा संपायच्या आत तू गेलीस. तुला वाचता येत होतं, म्हणून तर तू असताना हे कधी लिहिलं नाही. आणि आता लिहून झालं तरी हा कागद जाणार कुठे?

तुझ्यामागे मी मनाशी एक गोष्ट धरून ठेवली होती. मुंबईतले ते दोन दिवस मी तोंडदेखलं हसले, आतून जळत होते, नाटकात लक्ष नव्हतं, घास उतरत नव्हता. ती गोष्ट मी नवऱ्याला सांगितलीय, मुलीलाही सांगितलीय, कौलाचा भाग वगळून. आईला नेता आलं नाही, म्हणून मुंबईत मला काही गोड लागलं नाही, असं. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझेही येतात. पण परवा दिल्लीहून आल्यावर बॅगेतून कोट काढताना लक्षात आलं की शुक्रवारपासून रविवारपर्यंत मला तुझी आठवण एकदाही आली नव्हती. मोपाला दोनदा उभी राहिले, शाली अंगावर घेतल्या, त्याच दोघींबरोबर जेवले, तरी नाही. आणि हात कोटावर तसाच ठेवून मी पहिल्यांदाच नीट मागे जाऊन बघितलं, मुंबईत खरोखर काय झालं होतं ते. नाटकात मी पोट धरून हसले होते. समुद्रासमोर बसून तीन प्रकारचं आईस्क्रीम खाल्लं होतं. रात्री गाढ झोपले होते. तू घरात दार लावून माझ्यासाठी देवाला हात जोडत होतीस, आणि आई, मला खूप मजा आली होती.