दंडातली काडी

आई, मला नोकरी लागली हे तुला सांगायचंच राहिलं. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते, आणि आता रोह्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. बायकांच्या दंडात कातडीखाली एक बारीक, मऊ कांडी बसवतात, मग काही वर्षं दिवस जात नाहीत. त्यातून हार्मोन थोडं थोडं रक्तात झिरपत राहतं, ते किती आहे हे मी मोजते. मला हे इतकं भारी वाटतं की जेवतानाही तेच बोलत बसते. बाबा म्हणतात, "आधी वरण वाढ."

आठवतं? पेणच्या आपल्या स्वयंपाकघरात तू पापड लाटतेयस आणि मी हार्मोन्सचा धडा मोठ्याने वाचतेय, सगळा इंग्लिशमध्ये. तू लाटणं थांबवतेस. "मला कळंल असं सांग, नायतर भिंतीला सांग." मी खरंच भिंतीकडे तोंड करून वाचायला लागते, आणि तू हसत माझ्या वेणीवर पीठ उडवतेस.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बायकांना 'रॉड' म्हटलं. एकीनं पटकन दंडच झाकला. "रॉड? स्लॅबात घालतात तो?" मग मी 'काडी' म्हणायला लागले. आगपेटीतल्या काडीएवढीच तर असते! मला वाटलं, जमलं.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली, माझ्याच वयाची. घरी छोटं बाळ, आणि कंपनीत नुकतीच पॅकिंगला लागलेली. दंडावर खोका आपटला होता आणि बोटाला काडी वेडीवाकडी लागत होती. "औषध बंद झालं असंल तर? आता परत दिवस गेले तर माझं काम गेलं." डॉक्टरांनी तपासून तिला रक्त द्यायला माझ्याकडे पाठवलं. बसल्या बसल्या तिनं सासूला फोन केला, "यायला उशीर व्हईल. काडी मोडली वाटतं."

थोड्याच वेळात सासू रिक्षातून उतरली. पदर खोचलेला, कडेवर बाळ. "काय केलंन गो माझ्या पोरानं? फोनवर काडी मोडतेस?"

"आई, दंडातली!" सून म्हणाली.

"काडीमोड काय दंडात व्हते?"

सासूला दंडातलं ते माहीत होतं गं, पण घरी सगळे त्याला 'इंजेक्शन' म्हणायचे. काडी हा शब्द माझा! आणि मी मधेच विचारलं, "काडीमोड म्हणजे?" अख्खा दवाखाना हसला. सासूनं कपाळाला हात लावला. "सोडचिठ्ठी गो! शालंत शिकलीस काय?"

मग मी दोघींना समजावलं. भाताला आधी मोठा जाळ, मग मंद आच. काडी बसवली की सुरुवातीला हार्मोन जास्त येतं, मग हळूहळू उतरतं, पण मंद आचेवरही भात शिजतोच ना? आच आहे की विझली, ते रक्तात दिसतं.

"मग बघ की लवकर," सासू म्हणाली.

रिपोर्टला वेळ लागला. तोपर्यंत दिवस जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दुसरी काळजी घ्यायला सांगितलं होतं, आणि ती मुलगी रोज शिफ्ट सुटली की दारातून डोकावून फक्त भुवया उडवायची. मीही नुसती मान हलवायची. शेवटी आकडा आला. आच होती! सोनोग्राफीतही काडी अख्खी दिसली. मी तिला सांगितलं तर ती माझ्याच खुर्चीत बसली. सोबत आलेल्या सासूनं मात्र खात्री करून घेतली.

"म्हंजे मोडली नाय?"

"नुसती वाकलीय."

"वाकूं दे. माझी पण कंबर कवाची वाकलीय, काय झालं?"

त्या दिवशी तिनं डब्यात घावणे आणले होते. मला समोर बसवलं. "खा गो, हाडंच हायत नुसती."

हे मी फोनवर लिहिलंय, ड्राफ्टमध्येच राहू दे. फक्त एक सांगते. मी नुकतेच जेवून हात धुतले होते. तरी तिला म्हटलं, खूप भूक लागलीय.